पुढे चालू

मासिकाच्या पानाच्या तळाशी, कंसात, बारीक टायपात छापलेले ‘पुढे चालू’ हे दोन शब्द ज्याने लहानपणी वाचले नाहीत, असा शिकलेला मराठी माणूस निदान माझ्या पिढीत तरी सापडावयाचा नाही. व्याकरणाच्या दृष्टीने पाहू गेल्यास यात एक अव्यय आहे, एक विशेषण आहे, आणि क्रियापद मुळीच नाही. क्रिया होती ती वाचकाकडे, आणि ती म्हणजे वाट पाहण्याची! महिनाभर वाट पाहावयाची, तर्क लढवावयाचे, भावंडांशी पैजा मारावयाच्या, आणि पुढील अंक आला म्हणजे तो प्रथम कोणाच्या हाती पडतो यासाठी माजघरापासून ओसरीपर्यंत धावावयाचे. इतका सगळा उद्योग त्या दोन शब्दांच्या पोटी दडलेला असे.

हे दोन शब्द आता मासिकांतून दिसेनासे होत चालले आहेत. आणि चित्रकथांच्या खालून तर ते जवळजवळ पुसलेच गेले आहेत. चित्रांतून सांगितलेली मोठी, गंभीर, प्रौढांनीही वाचावी अशी कथा आज जेव्हा प्रसिद्ध होते, तेव्हा ती एकदम जाड पुस्तकाच्या रूपाने बाहेर पडते; हप्त्याहप्त्याने, पातळ अंकांतून ती वाचकापर्यंत येत नाही. ‘यात बिघडले काय? कथा मिळाल्याशी कारण!’ असे कोणी म्हणेल. माझे मत तसे नाही. ते का नाही, हे सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे. गेले वर्षभर आमच्या घरात या विषयावरून एक वाद चालू असून एका मुलीचे पुढील आयुष्य थोडेबहुत त्या वादाच्या निकालावर अवलंबून आहे. म्हणून विषय वरवर पोरकट वाटला तरी वाचकांनी तो तसा मानू नये, अशी विनंती आहे.

माझ्यासारख्या जन्मभर शब्दरूपे व धातुरूपे घोकवून घेतलेल्या मनुष्याने चित्रकथेची बाजू घ्यावी याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु संस्कृताचा अभ्यास केलेल्यास चित्रकथा परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर निपुणक हा यमपट घेऊन घरोघर हिंडतो. यमाच्या दरबाराची चित्रे उलगडून दाखवावयाची व गाणी म्हणावयाची, या निमित्ताने तो कोणाच्याही अंगणात शिरू शकतो, आणि राक्षसाची मुद्रा त्याला अशाच एका घरी सापडते. म्हणजे चित्रपट दाखवून कथा सांगणारा मनुष्य त्या काळी इतका ओळखीचा होता की, त्याच्याविषयी कोणास संशयही येऊ नये! भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक तर सबंध चित्रदर्शनावरच उभारलेला आहे. लक्ष्मण एकामागून एक चित्र दाखवीत जातो, आणि ती पाहता पाहता सीतेच्या मनात ती वने पुन्हा पाहण्याची इच्छा उत्पन्न होते. पुढची सगळी करुण कथा त्या इच्छेतून वाहू लागते. आपल्या कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी आजही हाताने रंगविलेल्या चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने सांगतात. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय.

आणि हप्त्यांचे म्हणाल, तर आमचा वेताळ हा हप्तेबंद कथांचा आद्य आचार्यच! सोमदेवाने अकराव्या शतकात रचिलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या ज्या पंचवीस कथा आहेत, त्यांची खुबी एवढीच की, राजाने मौन सोडले की प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळू लागते, आणि राजाला पुन्हा स्मशानाची वाट धरावी लागते. ‘पुढे चालू’ हे याहून चांगल्या रीतीने आजवर कोणी म्हटलेले नाही.

हाच वेताळ आमच्या पारोळ्यास महिन्याच्या महिन्यास येत असे, तो ‘चांदोबा’च्या पाठीवर बसून. मद्रासेस नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ सुरू केला, आणि १९५२ पासून त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघू लागली. पारोळ्यास रेल्वे नाही. अमळनेरास ताप्ती-व्हॅलीची गाडी थांबते. आम्हांस काय ती एस्. टी.! धुळ्याहून येणाऱ्या गाडीच्या टपावरून मासिकांचे गठ्ठे उतरत, आणि स्टँडावरचा वर्तमानपत्रवाला आम्हा मुलांस पाहताच अहिराणीत ओरडे, “भाऊ, तुमना चांदोबा उना!” त्या हाकेसरशी पायांत वहाणा घालण्याचेही भान राहत नसे. तलवार उपसलेला विक्रम, खांद्यावर ते लांब केसांचे प्रेत, आणि भोवती काळोख, असे ते शंकर या चित्रकाराचे चित्र ज्याने पाहिले तो ते विसरणे शक्य नाही. शंकर २०२० मध्ये शहाण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यांनाही मरणोत्तर पद्मश्री मिळाली, ती त्याच २०२१ साली. एका वर्षी दोन चित्रकथ्यांचा गौरव झाला खरा. परंतु त्यापूर्वी सातआठ वर्षे ‘चांदोबा’ मात्र बंद पडून गेला होता!

आमच्या घरात त्या वेळी लहानमोठी सतरा माणसे होती. अंक एक व वाचणारे नऊ. तेव्हा वडिलांनी क्रम लावून दिला होता: प्रथम ज्याचे त्या आठवड्याचे पाठांतर चोख झाले असेल तो, आणि मग वयाप्रमाणे. अमरकोशाचा एक वर्ग पाठ केल्याशिवाय वेताळाचे दर्शन व्हावयाचे नाही! माझे अमरकोशाचे प्रथम कांड असे वेताळाच्या कृपेने पाठ झाले आहे. पुढे मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ येऊ लागली. टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनी मार्च १९६४ मध्ये ती माला सुरू केली होती. त्यातील मुखवटा घातलेला अमेरिकन वीर ‘फँटम’ याचे मराठी नाव कोणीतरी ‘वेताळ’ असे ठेवले होते. वडिलांनी ते एकदा चाळून पाहिले व “या वेताळाने एकही प्रश्न विचारला नाही, हा कसला वेताळ?” एवढाच शेरा मारून परत दिले. बंदी मात्र घातली नाही. सांगण्याचा मुद्दा हा की, त्या पातळ अंकांवर घरातील सर्वांचे मत असे. काकू चित्रांतील लुगड्यांच्या काठांविषयी बोलत, थोरले बंधू घोड्यांच्या पायांत दोष काढीत, आणि पुढील महिन्यात काय होईल याविषयी रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या नऊ जणांची नऊ भाकिते होत. पुस्तक मनुष्य एकटा वाचतो. हप्ता मात्र घर वाचते.

आता आमच्या घरातील प्रस्तुत वादाकडे वळतो. माझ्या पुतण्याची मुलगी मुंबईस चित्रकला शिकली, आणि तीन वर्षांपूर्वी परत घरी येऊन माडीवरच्या खोलीत एक मोठी चित्रकथा काढीत बसली. विषय १९७२ च्या दुष्काळाचा. तिच्याकडूनच मला कळले की, परदेशांत या प्रकारच्या चित्रकथांचा एक स्वतंत्र संप्रदाय आहे. त्यात मुखवट्याचे वीर नाहीत, उडणारे पुरुष नाहीत. साधी माणसे, त्यांचे संसार, आजारपणे, युद्धे, लाजिरवाण्या आठवणी, हाच तेथील विषय. इंग्रजीत यांस ‘अल्टरनेटिव्ह कॉमिक्स’ म्हणतात. आपण निराळ्या वाटेच्या चित्रकथा म्हणू. तिने आणून दिलेली पाचसहा पुस्तके मी कोश जवळ घेऊन वाचली, आणि मौज अशी आढळली की, त्यांतील बहुतेक उत्तम कृती प्रथम हप्त्याहप्त्यानेच जन्मास आलेल्या आहेत.

आर्ट स्पीगेलमन या न्यूयॉर्कच्या चित्रकाराने आपल्या वडिलांनी नाझींच्या छळछावण्यांत काढलेले दिवस ‘माऊस’ या कथेत सांगितले, त्यात ज्यू उंदरांच्या रूपाने व जर्मन मांजरांच्या रूपाने दाखविले. ही कथा त्याने व त्याच्या पत्नीने काढलेल्या ‘रॉ’ या नियतकालिकातून १९८० पासून १९९१ पर्यंत प्रकरणाप्रकरणाने येत होती. १९९२ साली तिला पुलित्झर पारितोषिकाचा विशेष सन्मान मिळाला. क्लीव्हलंड येथे एका इस्पितळात कागदपत्रांचा कारकून असलेला हार्वी पीकर याने १९७६ पासून आपल्या रोजच्या कारकुनी आयुष्याच्या गोष्टी स्वतःच्या खर्चाने अंक काढून प्रसिद्ध केल्या. त्याला स्वतःला चित्र काढता येत नसे. तो लिही व मित्र चित्रे काढीत. कॅलिफोर्नियातील हर्नांडेझ बंधूंनी १९८१ मध्ये आपला पहिला अंक स्वतःच छापला, व ती माला पुढे पन्नास अंकांपर्यंत चालून १९९६ मध्ये थांबली. कॅनडातील डेव्ह सिम याने १९७७ पासून २००४ पर्यंत एकच कथा तीनशे अंकांतून पुरी केली. सत्तावीस वर्षे चाललेले हे सत्र पाहिले म्हणजे नैमिषारण्यातील ऋषींचे स्मरण होते!

ही व्यवस्था चालत असे ती अशी. चित्रकाराने वीसबत्तीस पाने काढावयाची, स्वस्त कागदावर छापून अल्प किमतीस विकावयाची, त्या पैशांत पुढचा अंक काढावयाचा. अंकाच्या शेवटी वाचकांची पत्रे येत, त्यांत शिव्या असत तसेच आशीर्वादही असत. लेखकाचे चुकले तर ते दुसऱ्याच महिन्यास त्याच्या कानी पडे. सर्वांत महत्त्वाचे हे की, नवख्याला प्रारंभ करावयास बत्तीस पाने पुरत. तीनशे पानांचे धैर्य एकदम एकवटावे लागत नसे.

मग ही व्यवस्था ढासळली कशी? कारणे सगळी व्यवहाराचीच आहेत. अमेरिकेत असे अंक विकणारी खास दुकाने होती. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, पुढे किंमत वाढेल या आशेने लोकांनी वीरकथांचे अंक सट्ट्यासारखे घेऊन ठेवले. तो फुगा फुटला आणि कित्येक दुकाने बसली. वितरक एकमेकांत विलीन होत होत जवळजवळ एकच मोठा वितरक उरला. थोड्या प्रती खपणारा पातळ अंक हाताळणे त्याला परवडेना, आणि २००९ मध्ये त्याने किमान मागणीची अट वाढविली, तेव्हा लहानसहान अंकांचे दार जवळजवळ मिटलेच. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्या वितरकानेही दिवाळखोरीचा अर्ज केला, हा काळाचा न्याय म्हणावयाचा. दुसऱ्या बाजूने, हप्ते एकत्र बांधून केलेली पुस्तके मोठ्या ग्रंथविक्रेत्यांकडे व ग्रंथालयांत चांगली खपू लागली. वर्तमानपत्रे त्यांवर परीक्षणे लिहू लागली. वाचकही म्हणू लागला की, ‘शेवटी पुस्तक निघणारच आहे, मग अंक कशाला घ्या?’ अशा रीतीने अंकांच्या पोटी जन्मलेल्या पुस्तकाने आपल्या आईलाच घराबाहेर काढले.

यात नफा झाला नाही असे मात्र मी म्हणणार नाही. पातळ अंक रद्दीत जात. पुस्तक कपाटात राहते. इराणात वाढलेल्या मार्जान सात्रापी या बाईंनी फ्रान्समध्ये २००० ते २००३ या काळात आपले आत्मचरित्र चार भागांत चित्रांतून सांगितले, ते पुस्तकरूपाने आले म्हणूनच जगभर पसरले. आणि हप्त्यांची कथा म्हणजे पुरी होईलच असा भरवसा कोठे असतो? आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढले, व ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच वाचकांपुढे आठवड्याआठवड्याने ठेविली. परंतु त्याच हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या त्या राहिल्याच. ‘पुढे चालू’ म्हणून वचन द्यावयाचे व पुढे काहीच यावयाचे नाही, हा वाचकाच्या विश्वासाचा भंग होय, आणि तो हप्तेवाल्यांनी पुष्कळदा केलेला आहे.

तथापि आपल्या देशात जे झाले ते याहून निराळे आहे, आणि मला खंत आहे ती त्याची. परदेशांत हप्त्यांचा काळ येऊन गेला व मग पुस्तकांचा आला. आपल्याकडे निराळ्या वाटेच्या चित्रकथेस हप्त्यांचे बालपण असे फारसे लाभलेच नाही. ती जन्मली ती जाड पुठ्ठ्याच्या आतच! ज्या मासिकांनी व मालांनी तिला वाढवावयाचे, ती त्या सुमारास शेवटच्या घटका मोजीत होती. ‘इंद्रजाल’ आठशेच्यावर अंक काढून १९९० मध्ये बंद झाले. त्यात १९७६ पासून आबिद सुरती यांनी निर्माण केलेला ‘बहादूर’ हा चंबळच्या दरोडेखोरांशी झुंजणारा देशी वीर येत असे. त्याचेही घर त्याबरोबर मोडले. ‘चांदोबा’ १९९८ मध्ये बंद पडून पुढल्या वर्षी पुन्हा सुरू झाला, २००७ मध्ये दुसऱ्या मालकांकडे गेला, आणि २०१३ च्या सुमारास कायमचा मावळला. अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ १९६७ पासून आजतागायत टिकून आहे. परंतु तिची रीत पहिल्यापासूनच एका अंकात एक चरित्र संपविण्याची. मराठी वर्तमानपत्रांत चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून रोज घराघरांत आला व त्याने हसविले. पण तो रोजचा विनोद. ती वाढत जाणारी कथा नव्हे.

आता पुढील योगायोग पाहा. ओरिजित सेन यांनी १९९४ साली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही चित्रकथा प्रसिद्ध केली. या देशातील निराळ्या वाटेची पहिली मोठी चित्रकथा म्हणून तिचे नाव घेतात. विषय नर्मदेवरील धरण व त्यात बुडणारी आदिवासींची गावे. ही गावे काही दूरदेशची नव्हेत. अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके त्या वेळी आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. पण ते पुस्तक इंग्रजीत निघाले, थोड्या प्रती संपल्या, आणि पुन्हा छापले गेले ते २०२२ साली. पुढे २०११ मध्ये दोन पुस्तके आली. डॉ. आंबेडकरांच्या चरित्रावरील ‘भीमायन’, ज्याची चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी काढली. आणि जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. म्हणजे नर्मदा आमची, फुले आमचे, आंबेडकर आमचे. आणि त्यांच्या चित्रकथा प्रथम निघाल्या त्या इंग्रजीत, दिल्ली-मद्रासेच्या वाचकांसाठी, जाड पुस्तकांच्या रूपाने! पारोळ्याच्या स्टँडावर त्या कधी उतरल्या नाहीत. त्या काढणाऱ्यांचा यात काही दोष नाही; त्यांनी मिळेल त्या वाटेने उत्तम काम केले. परंतु मराठीत दरमहा आठ पाने देणारे एखादे मासिक असते, तर यांतील एखादी कथा आमच्या ओसरीवरही वाचली गेली असती, एवढेच माझे म्हणणे आहे.

माडीवरील मुलीची अडचण नेमकी हीच होती. तिच्या पुढ्यात मासिक नव्हते. प्रकाशक म्हणत, ‘सबंध पुस्तक पुरे करून आणा, मग पाहू.’ तेव्हा ती तीन वर्षे दार लावून बसलेली, आणि घरात कोणीही तिच्या कामाचे एक पानदेखील पाहिलेले नाही. तिचा बाप म्हणजे माझा पुतण्या हा काही निष्ठुर मनुष्य नव्हे. कर्ज काढून त्याने तिला मुंबईस शिकविले. पण शेजारीपाजारी विचारतात, सोयरेधायरे विचारतात, आणि त्याजवळ उत्तर नाही. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “नाना, मी तिला नाही म्हणत नाही. पण ती करते काय, हे मला कोणी दाखवील की नाही? आखाजीपर्यंत बघतो. मग तिने बी. एड्. ला नाव घालावे.” मुलगी पानावरून न जेवता उठली. वहिनी, म्हणजे तिची आजी, दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी मी माडीवर गेलो व तिला म्हटले, “बाळ, तुझ्या बापाचा प्रश्न रास्त आहे. तीन वर्षांचे काम त्याने डोळे मिटून मान्य करावे, हे वेदान्ताला शोभेल, संसाराला नाही. तू सोळा पाने दे. कशीही दे, पण दे.” ती म्हणाली, “नानाआजोबा, अर्धवट काम लोकांपुढे कसे ठेवू?” मी म्हटले, “ज्याच्या खाली ‘पुढे चालू’ लिहिले आहे ते अर्धवट नव्हे. ते चालू आहे.”

दसऱ्यास पहिला हप्ता निघाला. चार कागद दोन्ही अंगांनी छापून मध्ये दुमडले की सोळा पाने होतात. स्टँडाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे एका बाजूस दोन रुपये, म्हणजे प्रतीस सोळा रुपये पडले. किंमत वीस ठेविली. प्रती काढल्या तीस. त्या ओसरीवर बसून सर्वांनी वाचल्या, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी आमच्या घरात पुन्हा एकदा एका पातळ अंकावर साऱ्यांचे मत पडू लागले.

वहिनी त्या साली सत्तावीस वर्षांच्या होत्या. थोरले बंधू दुष्काळी कामावर हजेरी कारकून होते. त्यांनी चित्र पाहून सांगितले की, मिलोची भाकरी अशी गोल, पांढरी दाखवू नको. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी तांबडी होती, आणि तिची भाकरी थापताना कडेला चिरफळ्या पडत. कामावर सुकडी वाटीत, ती बायका स्वतः न खाता पदरात बांधून पोरांसाठी घरी आणीत, हेही त्यांनीच सांगितले. ते मुलीला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. दुसऱ्या हप्त्यातील खडी फोडण्याचे चित्र पूर्वी आमच्याकडे धुणेभांडी करीत असलेल्या एका वृद्ध बाईंस दाखविले. त्यांस अक्षरओळख जेमतेम, पण चित्र त्यांनी पुष्कळ वेळ हातात धरले, आणि म्हणाल्या, “अशी नही बेटी, बोटेसले चिंध्या बांधेल राहेत.” बोटे ठेचू नयेत म्हणून चिंध्या गुंडाळून खडी फोडावी लागे. त्या बाईंनी तेरा महिने ती फोडली होती. तिसऱ्या हप्त्यातील प्रत्येक बाईच्या बोटांस चिंध्या आहेत.

आता वाचकांनीच सांगावे की, सबंध पुस्तक छापून झाल्यावर हे कळले असते तर त्याचा उपयोग काय होता? हप्ता हा वाचकाला लेखकाच्या कामात हात घालू देतो. आणि ज्यांचे आयुष्य त्या कथेत आहे, ज्यांना सहाशे रुपयांचे इंग्रजी पुस्तक कधीही दिसावयाचे नाही, त्यांना आपल्या कथेत दुरुस्ती करण्याचा अधिकार देतो. चित्रकथेचे तर यात विशेष आहे. कारण तिचा वाचक होण्यास अक्षर येण्याचीही फारशी गरज नाही. यमपट उलगडणाऱ्याचे श्रोते असेच होते.

कोणी म्हणेल, हप्ते मेले नाहीत. ते फोनमध्ये गेले. ते खरे आहे. कोरियासारख्या देशात आठवड्याच्या आठवड्यास फोनवर चित्रकथा येतात व अगणित लोक त्या वाचतात, असे मुलगी सांगते. आपल्याकडील तरुण चित्रकारही आपली पाने तेथे टाकतात. त्यांस माझा आशीर्वादच आहे. परंतु फोन मनुष्य आपल्या तळहातापुरता वाचतो. त्या पडद्याभोवती नऊ डोकी जमत नाहीत, आणि ऐंशीच्या घरातील वहिनींची दृष्टी त्यावर ठरत नाही. शिवाय मासिकाला टपालाने घर गाठावयाचे तर तेही दिवसेंदिवस महाग होत आहे. पुस्तकांसाठी टपालखात्याची जी सवलतीची नोंदणीकृत सेवा होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. लहान छापणाऱ्याचा उरलासुरला आधारही असा निसटला.

म्हणून माझी दोन ठिकाणी प्रार्थना आहे. पहिली संपादकांस. ‘बालबोध’ १८८१ मध्ये, ‘आनंद’ १९०६ मध्ये व ‘किशोर’ १९७१ मध्ये निघाले, तेव्हा मुलांना वाचावयास काय द्यावे, हा विचार कोणीतरी केला होता. आज तसाच विचार चित्रकथेविषयी, आणि केवळ मुलांसाठी नव्हे तर साऱ्या घरासाठी, करण्याची वेळ आली आहे. दरमहा आठ पाने एका नव्या चित्रकाराला द्या, वर्षभर द्या, आणि अट एकच घाला: कथा पुरी झाली पाहिजे. दुसरी प्रार्थना वाचकांस. तुमच्या घरात कोणी मूल किंवा तरुण माणूस चित्रांतून काही सांगू पाहत असेल, तर ‘पुरे झाल्यावर दाखव’ असे म्हणू नका. सोळा पाने मागा, बारीकसारीक मोबदला देऊन मागा, आणि ओसरीवर बसून मोठ्याने वाचा. दोष काढा, पण पुढील हप्ता केव्हा, हेही विचारा.

आमच्याकडील हिशोब लपविण्यासारखा नाही. चौथ्या हप्त्याच्या बासष्ट प्रती गेल्या. प्रतीस चार रुपये म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीस रुपये सुटले. याने कोणाचा संसार चालत नाही, हे माझ्या पुतण्यास कळते, मलाही कळते, आणि मुलीला तर सर्वांपेक्षा अधिक कळते. आखाजीची मुदत त्याने मागे घेतलेली नाही, बी. एड्. चा अर्ज देवघराशेजारच्या फडताळात तसाच आहे. फक्त परवा रात्री दिवा मालविण्यापूर्वी त्याने जिन्याखाली उभे राहून वर हाक मारली आणि विचारले, “पाचवा केव्हा निघतो?”

माडीवरून उत्तर आले, “पौर्णिमेला, बाबा.”

पौर्णिमेस अद्याप नऊ दिवस आहेत.